कुणाला काही विचारायचं आहे?

भाचीला परदेशातल्या विद्यापीठाला पाठवायची काही कागदपत्रं हवी होती, म्हणून एप्रिलमधल्या एका सकाळी मी तिच्यासोबत गणेशखिंडीत, आपल्या पुणे विद्यापीठात गेले. ती रांगेत उभी राहिली. सोबत आलेल्या मावशीला रांगेत काही काम नसतं. ऊन तापायला लागलं होतं, तेव्हा सावली बघून मी एका विभागाच्या व्हरांड्यात शिरले. काचेच्या पेटीतल्या सूचनाफलकावर जुन्या वेळापत्रकांच्या गर्दीत एक ताजा कागद टाचलेला होता. पीएच.डी.ची खुली मौखिक परीक्षा, आज सकाळी अकरा वाजता, सेमिनार हॉल, इच्छुकांनी उपस्थित राहावे. खाली सही-शिक्का. अकराला पाच मिनिटं कमी होती. अशा ठिकाणी इच्छुक म्हणून कोण येतं ते तरी बघू, असं म्हणून मी आत जाऊन शेवटून दुसऱ्या रांगेत बसले. पंखा बरोबर त्या खुर्चीच्या डोक्यावर होता, हेही एक कारण.

हॉलमध्ये मोजकीच माणसं होती. पुढे अध्यक्ष, गाइड आणि बाहेरच्या विद्यापीठातून आलेले परीक्षक. त्यांच्यामागे चार-सहा संशोधक विद्यार्थी, त्यातले दोघं मोबाइलमध्ये बुडालेले. आणि उजवीकडे भिंतीला धरून घरची माणसं. वडील पांढरा नेहरू शर्ट घालून आलेले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली. आईच्या मांडीवर पिशवी, पिशवीत पेढ्यांचा खोका, आणि पिशवीचा बंद धरून उभा असलेला चार-पाच वर्षांचा नातू, ज्याला खोक्यात काय आहे हे पक्कं ठाऊक होतं. जिची परीक्षा ती मुलगी तिशी ओलांडलेली. काठापदराची साडी, पदराला तीन पिना. प्रोजेक्टरची वायर लॅपटॉपला नीट बसत नव्हती, म्हणून नवरा ती हाताने दाबून धरून उभा होता, आणि पुढचा पाऊण तास तो तसाच उभा राहिला.

विषय होता तिच्या स्वतःच्या तालुक्यातल्या विहिरींच्या पाण्याचा. तालुका नगरकडचा, पावसाने कायम तोंड फिरवलेला. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग काळ्या बेसाल्टवर बसलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे लोटच्या लोट आले आणि थरावर थर थिजत गेले. हा दगड अंगात पाणी मुरवून ठेवणाऱ्यातला नाही. पाणी सापडतं ते वरच्या मुरमात, भेगांमध्ये आणि दोन थरांच्या सांध्यावर. म्हणून एका विहिरीला मे महिन्यातही घागर बुडते आणि शंभर पावलांवरची दुसरी संक्रांतीलाच तळ दाखवते. हे सगळं त्या भागातल्या पोरासोरांना माहीत असतं. तिने ते मोजलं होतं. सलग तीन वर्षं, दर महिन्याला, स्कूटरवरून फिरून, काठावर वाकून, टेप खाली सोडून. पडद्यावर नकाशा आला आणि त्यावर निळे ठिपके, प्रत्येक ठिपक्याला नंबर. मग विहिरींचे फोटो. त्यातल्या एका फोटोत काठाला टेकलेली बाभळ आणि गंजलेला रहाट होता. वडील आईकडे झुकून म्हणाले, “आप्पाची हीर.” आई म्हणाली, “बघितली.”

नंतर आलेख आले. बहुतेक विहिरींच्या रेषा सारख्याच चालीने जात होत्या. दिवाळीनंतर हळूहळू खाली, मेमध्ये तळाशी, जुलै-ऑगस्टात उठून वर. फक्त सतरा नंबरच्या विहिरीत एका मे महिन्यात, भर उन्हाळ्यात, रेषा एकदम दीड फूट वर चढली होती आणि जूनमध्ये पुन्हा खाली आली होती. परीक्षकांनी नेमकं तेच पकडलं. त्यांचा स्वर चांगला होता, कोंडीत पकडायचा नव्हता. ती म्हणाली, “सर, त्या महिन्यात वळवाची नोंद नाही. जवळपासच्या एकाही विहिरीत वाढ नाही. मी तिथे विचारलं होतं, घरी एक म्हातारी आजी होत्या, त्यांना काही सांगता आलं नाही. माझं माप चुकलं असेल म्हणून दुसऱ्या दिवशी परत जाऊन मोजलं, तेच आलं. कारण समजलं नाही. विश्लेषणात तो बिंदू धरलेला नाही आणि तसं प्रबंधात लिहिलं आहे.” परीक्षकांनी मान डोलावली. मला तर फारच आवडलं ते उत्तर. माझं सगळं आयुष्य बँकेत गेलं. तिथे ताळमेळ न लागणारी रक्कम आम्ही सस्पेन्स खात्यात टाकायचो, आणि ती तिथे टाकली आहे हे लपवायचं नाही, एवढा एकच नियम पहिल्या वर्षी शिकवला जायचा.

त्याच वेळी माझं लक्ष उजवीकडे गेलं. वडिलांचा हात गुडघ्यावरून उठला होता. खांद्याइतका वर आला आणि थांबला. टोपी घरंगळून खाली पडली, ती उचलायला ते वाकले आणि हात पुन्हा गुडघ्यावर गेला.

सगळ्यात शेवटी अध्यक्षांनी रीतीप्रमाणे सभागृहाकडे बघून विचारलं, “कुणाला काही विचारायचं आहे?” मनात तीन म्हणून होतील एवढा वेळ थांबले. मग म्हणाले, “ठीक आहे.” मंडळी शेजारच्या खोलीत गेली, दहा मिनिटांनी परत आली, पदवी देण्याची शिफारस वाचून दाखवली गेली, टाळ्या झाल्या, शाल-श्रीफळ झालं, पेढे फिरले. नातवाने दोन घेतले.

मी निघायला हवं होतं, पण हातात चहाचा कागदी कप आणि सामोशाची बशी आली होती, आणि खाल्ल्या मिठाला जागून दोन शब्द बोलणं भाग होतं. वडिलांना म्हटलं, “अभिनंदन. तुम्ही काहीतरी विचारणार होतात ना मघाशी?” ते संकोचले. मग कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, “विचारायचं नव्हतं, सांगायचं व्हतं. ती सतरा नंबरची हीर भाऊसायबांची. तवा त्यांच्या पोरीचं लगीन व्हतं. मांडवाला पाणी कमी पडाया नको म्हून रातीचं दोन टँकर वतलं व्हतं हिरीत. टँकर म्याच सांगितला व्हता.” मी म्हटलं, “अहो, मग सांगायचं होतं की!” त्यावर त्यांनी पुढच्या रांगेतल्या साहेब मंडळींकडे नुसतं बघितलं. “पोरीचं काम चाललंय, मधी आपलं कशाला? आन् पोरीचंच चुकलं म्हनले आसते तर?”

घरी आल्यावर राहवेना. दहा हजार लिटरचे दोन टँकर, पंचवीसेक फूट रुंद विहीर. कॅलेंडरच्या मागे आकडेमोड केली. दीड फूट बरोबर येतं.

तेव्हापासून हे डोक्यातून गेलेलं नाही. दुःख व्हावं असं यात काही घडलेलं नाही, उलट सगळं छानच झालं. मुलगी डॉक्टर झाली. तिने प्रामाणिकपणे लिहिलं, परीक्षकाने प्रामाणिकपणे विचारलं. प्रबंध आता शोधगंगेवर, म्हणजे देशभरातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, चढेल, कोणीही कुठूनही वाचू शकेल, आणि त्यात एका पानावर ‘कारण समजले नाही’ असं लिहिलेलं राहील. ज्याला कारण माहीत होतं तो माणूस त्याच हॉलमध्ये, त्याच भिंतीला टेकून, सगळ्यांदेखत बसला होता. त्याला आत यायची मुभा होती. कागदावर तर बोलायचीही होती.

गणेशखिंडीतल्या त्या आवाराचा आणि ‘आत यायची मुभा’ या गोष्टीचा जुना हिशेब आहे. मनोऱ्याची मुख्य इमारत बांधायला 1864 साली सुरुवात झाली ती मुंबईच्या गव्हर्नराला पावसाळ्यात राहायला बंगला हवा म्हणून. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आलेला होता, हात सैल होता. इतका सैल की त्या खर्चावरून पुढे विलायतेच्या पार्लमेंटातही बोलणी झाली. आत बॉलरूम, झुंबरं, बागा. 22 जून 1897 ला व्हिक्टोरियाच्या हीरकमहोत्सवाची मेजवानी तिथेच होती, आणि त्या रात्री चापेकर बंधू बाहेरच्या रस्त्यावर काळोखात थांबले होते. पुढचं सगळ्यांना पाठ आहे. मला त्यातला एवढाच तपशील कायम आठवतो की पुण्यातल्या माणसाला त्या घराशी हिशेब चुकता करायचा होता, तर तो फाटकाबाहेरच करावा लागला. आत जायला छापील निमंत्रण लागायचं.

मग 10 फेब्रुवारी 1949 ला विद्यापीठ स्थापन झालं. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. सुरुवातीचे काही महिने कारभार भांडारकर संस्थेच्या आवारातल्या निजाम गेस्ट हाउसमधून चालला. बाळासाहेब खेर तेव्हा मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री होते. त्यांनी मनावर घेतलं आणि गव्हर्नराचा हा सगळा पसारा, चारशे अकरा एकर, विद्यार्थ्यांच्या हवाली झाला. त्या वेळी या विद्यापीठाखाली बारा जिल्हे होते. 1962 मध्ये कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ वेगळं झालं, 1990 मध्ये जळगावचं. आता पुणे, नगर, नाशिक उरले आहेत. 2014 मध्ये सावित्रीबाईंचं नाव लागलं. बोलताना मात्र आम्ही अजून ‘युनिव्हर्सिटी’च म्हणतो, रिक्षावालाही तेच म्हणतो, आणि त्यात कुणाचा अनादर करायचा हेतू नसतो.

मी एम.ए.ला इथे होते तेव्हा ऐंशीचं दशक सुरू होतं. तेव्हा आवार आजच्यापेक्षा ओसाड होतं आणि झाडं आजच्यापेक्षा दाट, दोन्ही एकदम. सकाळी वडांच्या पारंब्यांखालून चालत विभागाकडे जाताना ओल्या पाल्याचा आणि वटवाघळांच्या शिटेचा मिळून एक वास यायचा. तो मला पुढे कुठेही आला की मी वीस वर्षांची होते. वर्गात मी दोन वर्षांत एकही प्रश्न विचारला नाही. मला प्रश्न पडायचे, पण ते मराठीत पडायचे आणि वर्ग इंग्रजीत चालायचा. मनातल्या मनात वाक्य जुळवून होईपर्यंत सर पुढच्या मुद्द्यावर गेलेले असायचे. एकदा संगमनेरकडच्या एका मुलीने सरळ मराठीत विचारलं. कांद्याच्या भावाबद्दल काहीतरी होतं. वर्ग हसला. सर हसले नाहीत, त्यांनी नीट उत्तर दिलं, पण ती मुलगी त्यानंतर तोंड उघडताना मला आठवत नाही. म्हणजे दार लावून घेणारे दरवेळी वरचेच असतात असंही नाही. आम्हीही त्या हसण्यात होतो.

प्रश्न विचारायची लोकांची भीड कशी मोडायची, याचा एक फार सोपा उपाय याच आवारात एका माणसाने वर्षानुवर्षं केला. 1988 मध्ये आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली. चार्ल्स कोरिया यांनी बांधलेली ती काळ्या दगडाची वास्तू, मधलं कुंड, आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे हे सगळं पाहुण्यांना दाखवून आपण पुणेकर मोठेपणा मिळवतो. जयंत नारळीकरांची तिथली एक पद्धत होती. व्याख्यान झालं की मुलं सहीसाठी वह्या घेऊन गराडा घालायची. ते सही द्यायचे नाहीत. म्हणायचे, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर पाठवीन, त्याखाली सही असेल. आणि उत्तरं यायची. विचार करून बघा, यात मुलाला भरसभेत हात वर करायचा नाही, इंग्रजी यायला नको, पुण्याला यायला नको. घरी बसून, खोडून, पुन्हा लिहून, आईला दाखवून विचारता येतं. हात अर्धा वर करून खाली घेणाऱ्या माणसासाठीच जणू ती सोय होती. 20 मे 2025 ला नारळीकर गेले तेव्हा वर्तमानपत्रांत त्यांच्या संशोधनाबद्दल पानंच्या पानं आली. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मात्र दोघातिघांनी जपून ठेवलेल्या पोस्टकार्डांचे फोटो टाकले.

अर्थात लोकांना बोलतं केलं की काय काय निघतं, हेही मी पाहिलं आहे. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आयुकाची दारं सगळ्यांना उघडी असतात. रांगा लागतात, पोरं फूकोच्या लंबकाभोवती घेर धरतात. एका वर्षी कृष्णविवरांवरच्या भाषणानंतर एक गृहस्थ उठले आणि आपल्या मेहुण्याच्या साडेसातीवर दहा मिनिटं बोलले. प्रश्न असा नव्हताच. वक्त्याचा चेहरा पाहून मला वाटलं, खुल्या व्यासपीठाची हौस फिटली असेल बिचाऱ्याची. पण त्या साडेसातीवाल्यांनाही विद्यापीठाच्या परिसरातून एकदा रीतसर उत्तर दिलं गेलेलं आहे, आणि माझ्या मते विद्यापीठाने जनतेशी बोलावं कसं त्याचा तो नमुना आहे. 2008 मध्ये नारळीकर, विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि स्वतः आधी फलज्योतिष शिकलेले प्रकाश घाटपांडे यांनी मिळून एक चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मपत्रिका गोळा केल्या, मिसळल्या आणि ज्योतिषांना जाहीर आवाहन केलं की पत्रिका बघून कोण कुठल्या गटातलं ते सांगा. प्रत्येकाला चाळीस पत्रिका. एक्कावन्न जणांनी तयारी दाखवली, उत्तरं पाठवली सत्तावीस जणांनी. सरासरी बरोबर निघाली शेकडा सेहेचाळीस, म्हणजे नाणं उडवलं असतं तर जेवढी आली असती त्याहूनही जरा कमीच. यात कुणाला हसलं नाही, कुणाला हाकललं नाही. तुमचं म्हणणं काय ते सांगा, आपण मोजू, एवढंच. लोकांच्या श्रद्धेत त्याने फरक पडला का? आमच्या सोसायटीत तर नाही. पण मोजलं गेलं.

तीच गोष्ट खोडदची. विद्यापीठाच्या आवारात टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्र आहे, आणि त्यांची दुर्बीण आहे नारायणगावजवळ खोडदला. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, पंचवीसेक किलोमीटरच्या टापूत, ऊस आणि टोमॅटोच्या मधूनमधून उभ्या. गोविंद स्वरूप यांनी त्या तबकड्या पत्र्याच्या न करता ताणलेल्या तारांच्या बारीक जाळीच्या केल्या. वारा आरपार जातो, वजन कमी, खर्च कमी. 2023 च्या जून महिन्यात जगभरातल्या खगोलशास्त्रज्ञांच्या गटांनी अतिमंद कंपनांच्या गुरुत्वलहरींचा पुरावा सापडल्याचं जाहीर केलं, त्यात या खोडदच्या दुर्बिणीची निरीक्षणं होती. तमाशाच्या फडांच्या राहुट्या जिथे पाडव्याआधी लागतात आणि बिबट्याच्या भीतीने माणसं उसाला रात्री पाणी द्यायला जोडीने जातात, त्या मुलखात ब्रह्मांडाचा कानोसा घेतला जातो, ही कल्पना मला अतोनात आवडते. विज्ञान दिनाला तिथे जत्रा भरते. जुन्नर-आंबेगावच्या शाळांची पोरं स्वतः केलेले प्रयोग मांडून बसतात, आणि बघायला येणारे बहुतेक त्यांचे आईबाप असतात. एक पोरगा ठिबक सिंचनाचं मॉडेल घेऊन बसला होता. सलाइनच्या नळ्या, शाम्पूच्या बाटल्या. त्याच्या वडिलांनी सगळ्यांसमोर वाकून एक नळी उपटली आणि म्हणाले, “हितं चोंदणार रं, फिल्टर कुठंय?” पोरगा चिडला, मास्तर हसले, आणि संध्याकाळपर्यंत त्या मॉडेलला फडक्याचा फिल्टर लागलेला होता.

म्हणजे तोच बाप, तीच पोरं, तोच मुलूख. मोकळ्या मैदानात, स्टॉलवर, मराठीत तो बोलतो. पंख्याखालच्या हॉलमध्ये, पडद्यावर इंग्रजी आलेखासमोर, गप्प बसतो. मला वाटतं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली तिथेच ते ठरून गेलं असावं.

आपण वर्तमानपत्रात विद्यापीठाच्या बातम्या वाचतो त्या कुठल्या? निकाल, क्रमवारी, अधिसभेची निवडणूक, उपोषण, पदवीप्रदान समारंभातली भाषणं. त्या लागतातच. पण वर्षभर रोज कुठल्यातरी विभागात कुणीतरी आपल्या आयुष्याची पाच-सहा वर्षं घालून शोधलेलं काहीतरी सांगत असतं, त्याचा कागद फलकावर लागतो, आणि ती बातमी कुणाची होत नाही. आत बसायला पैसे पडत नाहीत, वर सामोसा मिळतो. जयकर ग्रंथालयाबाहेर स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी पोरं झाडांखाली खुर्च्या टाकून बसतात. कमवा आणि शिका योजनेतली मुलं बागेतली आळी खणून हात धुऊन तासाला जातात. अनिकेत कँटीनपाशी पोह्यांवर वादविवाद रंगतात. पहाटे आमच्यासारखी निवृत्त मंडळी गुडघे मोकळे करायला येतात. एवढी सगळी माणसं त्या खुल्या हॉलच्या अंगावरून जातात. मीही चाळीस वर्षं तशीच गेले.

ज्योतिरावांनी 1868 मध्ये गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, असं आपण शाळेत शिकतो. हौद खुला आहे असा नुसता फलक लावून ते थांबले असते तर किती जण भरायला आले असते, असं मला हल्ली वाटतं. घरातलं कुणीतरी दाराशी उभं राहून, या, घागर आणा, म्हणत असणार. सावित्रीबाईच असतील बहुतेक. हा माझा आपला अंदाज.

जुन्या पाण्यावरून आठवलं. यंदा दिवाळीनंतर मी पुन्हा एका व्हायव्हाला जाऊन बसले, या वेळी ठरवून. विषय होता पेशवाईतल्या पुण्याचा पाणीपुरवठा. नानासाहेबांच्या काळात कात्रजला तलाव बांधून दगडी नळांतून पाणी शहरात आणलं, मधे मधे हवा जायला उच्छ्वास ठेवले, पेठापेठांतून हौद बांधले. हे सगळं त्या मुलीने फार सुंदर मांडलं. जुने नकाशे, हौदांची यादी, कुठे नळ फुटला, कुठे मेट्रोच्या खोदाईत काय निघालं. मी नकाशाकडे टक लावून बघत होते, कारण सदाशिव पेठेतल्या माझ्या माहेरच्या वाड्यात कात्रजच्या पाण्याचा हौद होता. लहानपणी आम्ही त्यात ओणवं होऊन आपलाच आवाज ऐकायचो, आणि आजी पाठीत धपाटा घालायची. नकाशावर तो नव्हता.

अध्यक्षांनी विचारलं, “कुणाला काही विचारायचं आहे?” मी हात वर केला. छातीत धडधडलं, या वयात. अध्यक्ष म्हणाले, “आपण कुठल्या विभागाच्या?” म्हटलं, “कुठल्याच नाही. मी बँकेत होते.” मागे कुणीतरी खुदकन हसलं. बाहेरून आलेले परीक्षक घड्याळाकडे बघत म्हणाले, “बोला, बोला, पण थोडक्यात.” मी थोडक्यात सांगितलं. आमच्या वाड्यात हौद होता, तुमच्या यादीत तो दिसत नाही, तो वेगळ्या नळावरचा होता का? वाक्य नीट झालं नाही, मधे आजीही येऊन गेली.

त्या मुलीने कुणाच्या परवानगीची वाट बघितली नाही. टेबलावरचा प्रबंधच उलटा केला, मागच्या कोऱ्या पानावर पेन टेकवलं आणि म्हणाली, “पत्ता सांगा.” मी सांगितला. वाडा पाडून तिथे बिल्डिंग झाल्याला बरीच वर्षं झाली, खाली पार्किंग आहे, हेही सांगितलं. मला वाटलं, विषय संपला.

“पार्किंगमध्ये कुठे चौकोनी झाकण दिसतं का?” तिने विचारलं.

म्हटलं, वॉचमनला विचारून सांगते.